१५० मिलिसेकंद: एका ड्रॉपडाउनच्या निमित्ताने टेस्टिंग टूल्सची झाडाझडती

तक्रार एका ओळीची होती: ‘ड्रॉपडाउनमधला पर्याय कधी कधी निवडलाच जात नाही.’ सोबत स्क्रीनशॉट नाही, व्हिडिओ नाही, ब्राउझरचं नाव नाही. आम्ही तिघांनी आपापल्या मशीनवर करून पाहिलं, प्रत्येक क्लिक व्यवस्थित लागला. तिकीट ‘पुन्हा घडवता आलं नाही’ असा शेरा मारून बंद केलं. पंधरवड्याने तीच तक्रार दुसऱ्या वापरकर्त्याकडून आली. या वेळी त्यांनी स्क्रीन शेअर करून दाखवलं. त्यांचा हात जरा संथ होता. माउसचं बटण दाबायचे, क्षणभर दाबलेलंच ठेवायचे, मग सोडायचे. दाबून ठेवलेलं असतानाच यादी मिटायची आणि बोट उचलेपर्यंत पर्याय जागेवर नसायचा.

त्या कंपोनंटला, म्हणजे पानाच्या त्या सुट्या भागाला, ११ टेस्ट होत्या. अकराच्या अकरा हिरव्या, म्हणजे पास.

कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. यादीतल्या पर्यायावर माउस दाबला की ब्राउझर इनपुटवरचा फोकस काढून घेतो, म्हणजे ‘ब्लर’ होतो. आमचा कोड ब्लर झाला की यादी बंद करायचा. पण क्लिक पुरा होतो तो बटण सोडल्यावर, आणि तोवर यादी गेलेली असते. हे कुणाच्या तरी पूर्वीच लक्षात आलं होतं. त्याने यादी बंद करण्याआधी १५० मिलिसेकंद थांबायचं टायमर टाकलं होतं आणि वर कॉमेंट लिहिली होती, ‘क्लिकला वेळ मिळावा म्हणून’. पटकन क्लिक करणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो, सावकाश करणाऱ्याला पुरत नाही. खरा उपाय एका ओळीचा आहे: पर्यायावरच्या ‘माउसडाउन’ची मूळ कृती ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने रोखायची. मग फोकस इनपुटमधून हलतच नाही आणि टायमरचीही गरज उरत नाही.

बग मिटला. मागे राहिला तो प्रश्न ११ हिरव्या टेस्टचा.

त्या टेस्ट एन्झाइममधल्या होत्या. एन्झाइम हे एअरबीएनबीने २०१५ मध्ये खुलं केलेलं टूल, आणि काही वर्षं रिॲक्टच्या (वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) जगात टेस्ट म्हणजे एन्झाइम असंच समीकरण होतं. आमच्या टेस्टमध्ये ‘शॅलो’ रेंडर (कंपोनंटचा फक्त वरचा थर उभा करणं) होतं आणि क्लिकसाठी ‘सिम्युलेट’. इथे नाव फसवतं. शॅलो रेंडरवर सिम्युलेट म्हणजे कुठलाही क्लिक नव्हे. तो सरळ त्या एलिमेंटच्या ‘ऑनक्लिक’ प्रॉपमधलं (बाहेरून दिलेल्या मूल्यातलं) फंक्शन बोलावतो. माउसडाउन नाही, फोकस नाही, ब्लर नाही, मुळात डॉमच, म्हणजे ब्राउझरमधलं पानाचं झाडच, नाही. दाराला कुलूप आहे का हे बघायला खिडकीतून आत शिरावं, तसला प्रकार. शिवाय शॅलो रेंडरमध्ये ‘युजइफेक्ट’ (रेंडरनंतर चालणारा कोड) चालत नाही, त्यामुळे हुक्सवर, म्हणजे अशा फंक्शनांवर, लिहिलेल्या नव्या कंपोनंटांचा अर्धा जीव टेस्टच्या बाहेरच राहायचा.

त्यात रिॲक्ट १८ वर जायचं काम डोक्यावर होतं, आणि एन्झाइमला १८ साठी अधिकृत अडॅप्टर (दोन्ही जुळवणारा दुवा) नाही. म्हणजे टूल बदलायचंच होतं. कुठल्यावर जायचं, एवढंच ठरायचं होतं.

तक्त्याने काही ठरलं नाही

पहिला आठवडा आम्ही जसा सगळे घालवतात तसा घालवला. स्प्रेडशीट केली. ओळींत टूल्स, रकान्यांत वैशिष्ट्यं: किती ब्राउझर, टाइपस्क्रिप्ट आहे का, वॉच मोड आहे का, कागदपत्रं कशी आहेत. सगळ्यांना जवळपास सगळीकडे बरोबरच्या खुणा मिळाल्या, आणि ज्याला जे टूल आधीच आवडत होतं त्याला तेच सरस दिसत राहिलं.

मग आमच्यातली एक जण म्हणाली, “अरे, आपल्याकडे खरे बग पडलेत की. दुरुस्त केलेले. ते परत सोडू आणि बघू, कोण पकडतं.”

हे लगेच पटलं. दोन वर्षांच्या इतिहासातून ड्रॉपडाउनचेच सहा बग निवडले. प्रत्येकासाठी एक ब्रँच (कोडची वेगळी प्रत), तिच्यात फक्त तो दुरुस्तीचा कमिट (नोंदवलेला बदल) उलटवलेला. टेस्ट लिहायची ती अशा माणसाने, ज्याने तो बग दुरुस्त केलेला नाही. कंपोनंटने कसं वागायला हवं एवढंच त्याला सांगायचं. चांगल्या कोडवर टेस्ट हिरवी आली पाहिजे, बिघडवलेल्यावर लाल. बिघडवलेल्यावरही हिरवी राहिली, तर ते टूल त्या बगसाठी निकामी.

रिंगणात चौघं होती. पहिलं, रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी आणि जेएसडॉम (नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर, चालणारी डॉमची नक्कल), टेस्ट चालवायला व्हीटेस्ट. (टेस्ट चालवायला जेस्टही चाललं असतं, पण आमचं बिल्ड आधीच व्हाइटवर, व्हीटेस्टच्या जोडीच्या बिल्ड टूलवर, होतं, आणि जेस्टमध्ये ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची प्रमाणित मॉड्यूल पद्धत) अजून प्रायोगिक फ्लॅगमागे आहेत. दोन वेगळी कॉन्फिगरेशनं सांभाळायची हौस कुणाला नव्हती.) दुसरं, स्टोरीबुकमधली (कंपोनंट सुटे सुटे दाखवणाऱ्या टूलमधली) ‘प्ले’ फंक्शनं, कारण स्टोऱ्या, म्हणजे ते नमुने, आमच्याकडे लिहिलेल्या होत्याच. तिसरं सायप्रेस, चौथं प्लेराइट, दोन्ही खऱ्या ब्राउझरमध्ये टेस्ट चालवणारी, इथे कंपोनंट टेस्टिंगच्या रूपात. पाचवं उशिरा आलं, त्याबद्दल पुढे.

संथ बोट

पहिला बग अर्थातच १५० मिलिसेकंदांचा. माझी पैज होती की जेएसडॉम इथे आपटणार. ते नोडमध्ये चालणारं डॉमचं नाटक, त्याला खऱ्या बोटाचं काय कळणार?

मी चुकलो. टेस्टिंग लायब्ररीत क्लिक करायचे दोन मार्ग आहेत. ‘फायरइव्हेंट’ एकच घटना सोडतं: क्लिक म्हणजे फक्त क्लिक. त्याने लिहिलेली टेस्ट बिघडलेल्या कोडवरही हिरवी राहिली, एन्झाइमइतकीच निरुपयोगी. ‘युजर-इव्हेंट’ मात्र पूर्ण मालिका उभी करतं: पॉइंटरडाउन, माउसडाउन, फोकस हलवणं, मग पॉइंटरअप, माउसअप, क्लिक. त्यातल्या ‘पॉइंटर’ने बटण दाबून तसंच धरता येतं, नंतर सोडता येतं. दाबलं, बनावट घड्याळ ३०० मिलिसेकंद पुढे ढकललं, सोडलं. लाल. जेएसडॉममध्ये, ब्राउझर न उघडता.

इतकं सरळ मात्र झालं नाही. बनावट घड्याळ आणि युजर-इव्हेंटची १४वी आवृत्ती यांचं जुळत नाही. युजर-इव्हेंट प्रत्येक कृतीनंतर स्वतः एका टायमरची वाट बघतं, ते टायमर बनावट असल्याने वाजतच नाही, आणि टेस्ट लटकून टाइमआउट होते. एरर संदेशातून याचा पत्ता लागत नाही. सेटअप करताना ‘ॲडव्हान्सटायमर्स’ द्यावं लागतं, आणि व्हीटेस्टमध्ये घड्याळालाही ‘शुडॲडव्हान्सटाइम’ सांगून ठेवलेलं बरं. यात माझी एक संध्याकाळ गेली.

प्लेराइटमध्ये हेच काम फार सोपं आहे. क्लिकला ‘डिले’ म्हणून ३०० द्यायचं, झालं. माउस ब्राउझरच्या पातळीवर हलतो, त्यामुळे घटना ‘विश्वसनीय’ असतात, म्हणजे ब्राउझर त्यांना वापरकर्त्याकडूनच आल्याचं मानतो. सायप्रेसमध्ये तसं नाही. त्याच्या घटना मूलतः जावास्क्रिप्टने घडवलेल्या. त्याचा साधा क्लिक फोकसची नक्कल नीट करतो, पण दाबणं आणि सोडणं वेगळं करायला ‘ट्रिगर’ वापरलं की ती नक्कल सुटते: माउसडाउन जातो, फोकस जागचा हलत नाही. टेस्ट हिरवी राहिली. ‘सायप्रेस-रिअल-इव्हेंट्स’ हे प्लगइन लावल्यावर लाल झाली, पण ते क्रोमियम घराण्यातल्या ब्राउझरपुरतंच.

म्हणजे पहिल्याच बगात कळलं की टूलच्या नावापेक्षा ते बोट कसं दाबतं हे महत्त्वाचं. आणि संथ बोटाची कल्पना चारपैकी एकाही टूलने आपणहून केली नसती. साध्या क्लिकची टेस्ट चौघांतही हिरवीच होती.

झाकलेली यादी, कापलेली यादी

दुसरा बग: मोडलच्या (पानावर उघडणाऱ्या चौकटीच्या) तळाला चिकटलेली बटणांची पट्टी यादीवर यायची, शेवटचे दोन पर्याय तिच्याखाली. डोळ्यांना अर्धे दिसायचे, क्लिक पट्टीलाच लागायचा.

जेएसडॉमला हे दिसण्याची शक्यताच नाही. त्यात लेआउट नाही. कुठल्याही एलिमेंटचा ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’ मागा, सगळे आकडे शून्य. तिथे कुणी कुणाच्या वर नसतं, सगळे एकाच बिंदूवर उभे. ‘टूबीव्हिजिबल’ फक्त डिस्प्ले, व्हिजिबिलिटी, ओपॅसिटी असल्या गोष्टी बघतो. प्लेराइट आणि सायप्रेस क्लिक करण्याआधी त्या बिंदूवर खरंच तोच एलिमेंट आहे का हे तपासतात. दोघांनीही बग पकडला, आणि प्लेराइटच्या लॉगमध्ये तर घटना अडवणाऱ्या पट्टीचा क्लासही लिहून आला.

धक्का दिला स्टोरीबुकने. आमची स्टोरी खऱ्या क्रोमियममध्ये चालत होती, पट्टी समोर दिसत होती, आणि टेस्ट हिरवी. कारण प्ले फंक्शनमधलं युजर-इव्हेंट हे टेस्टिंग लायब्ररीचंच. ते हव्या त्या एलिमेंटवर थेट घटना सोडतं, वर काय आहे हे बघत नाही. खरा ब्राउझर, खोटं बोट. त्याच कारणाने ‘होव्हर’ची सीएसएसही तिथे लागत नाही. ‘ब्राउझरमध्ये चालतं’ या दोन शब्दांवर मी तोवर आंधळा विश्वास ठेवून होतो.

त्याच बगाचा भाऊ तिसरा: मोडलच्या आतल्या डब्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ आणि यादी त्याच्या बाहेर गेल्यामुळे पूर्ण कापलेली. वापरकर्त्याला काहीच दिसत नाही. इथे प्लेराइटही हिरवा! आम्ही चक्रावलो. मग उलगडलं: ओव्हरफ्लो हिडन असलेला डबा माणसाला स्क्रोल करता येत नाही, पण कोडला करता येतो. प्लेराइट क्लिकपूर्वी एलिमेंट नजरेत आणायला स्क्रोल करतो, तो डबाच आतून सरकतो, पर्याय वर येतो, क्लिक लागतो. माणसाला जे अशक्य ते टूलला सहज. उपाय म्हणजे क्लिकच्या आधी ‘टूबीइनव्ह्यूपोर्ट’ ही खात्री करून घेणं. ती एलिमेंट प्रत्यक्षात किती दिसतोय हे तपासते, स्क्रोल करत नाही. ‘टूबीव्हिजिबल’ इथे कामाचं नाही, कारण कापलेल्या एलिमेंटलाही आकारमान असतंच.

उरलेले तीन थोडक्यात. बाणाच्या कळीने खाली जाताना निवडलेला पर्याय यादीच्या चौकटीबाहेर जायचा. जेएसडॉममध्ये ‘स्क्रोलइनटूव्ह्यू’ नाहीच, म्हणून आमच्या सेटअप फाइलमध्ये कुणीतरी त्याचं रिकामं फंक्शन ठेवलं होतं. बग त्या रिकाम्या फंक्शनमागे आरामात लपला होता. रंगाचा बग, म्हणजे निवडलेल्या ओळीवरचा करडा मजकूर डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमांच्या) ४.५:१ या किमान कॉन्ट्रास्टखाली जाणं, ‘ॲक्स’ने (ते नियम तपासणाऱ्या टूलने) पकडला, पण फक्त खऱ्या ब्राउझरमध्ये. जेएसडॉममध्ये ॲक्सचा हा नियम चालत नाही. इथे स्टोरीबुकने आपली लाज राखली: ॲक्सेसिबिलिटी ॲडऑन आधीच बसवलेलं होतं, वेगळी टेस्ट लिहावीच लागली नाही. सहावा, जुन्या शोधाचं उत्तर नव्या शोधानंतर येऊन यादी पुसणं, चौघांनीही पकडला. तो लिहायला सगळ्यात सोपा जेएसडॉममध्ये, कारण कुठलं उत्तर कधी सोडायचं हे तिथे पूर्ण आपल्या हातात असतं.

ज्याची टेस्ट करायची तेच बदललं

पकडण्याच्या हिशेबात प्लेराइट पुढे होता. तरी तो घेतला नाही. कारण दाखवायला एक उदाहरण पुरे.

आमच्या ड्रॉपडाउनला ‘फिल्टर’ नावाचा प्रॉप आहे: एक फंक्शन, पर्याय घेतं, हो किंवा नाही सांगतं. प्लेराइटच्या कंपोनंट टेस्टिंगमध्ये टेस्ट नोडमध्ये चालते आणि कंपोनंट ब्राउझरमध्ये. टेस्टमधून दिलेलं फंक्शन सीमेपलीकडून बोलावलं जातं, म्हणून कंपोनंटला उत्तर लगेच मिळत नाही, प्रॉमिस (पुढे उत्तर द्यायचं वचन) मिळतो. आणि प्रॉमिस हा जावास्क्रिप्टच्या लेखी नेहमी ‘खरा’. परिणाम असा की इनपुटमध्ये काहीही टाइप करा, फिल्टर सगळ्याच पर्यायांना हो म्हणतो. आम्ही अर्धा दिवस फिल्टरमध्ये बग शोधत होतो. प्लेराइटच्या कागदपत्रांत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे, आम्ही वाचली नव्हती. वाट आहे: फंक्शन एका छोट्या आवरण-कंपोनंटमध्ये घालायचं आणि ते माउंट करायचं. पण मग प्रत्येक प्रकारासाठी एक आवरण. वर पॅकेजच्या नावातच ‘एक्सपेरिमेंटल’ आहे, आणि २०२२ पासून तसंच आहे. पूर्ण ॲपच्या टेस्टसाठी आम्ही प्लेराइट वापरतोच आणि त्याचा ट्रेस व्ह्यूअर मला फार आवडतो, पण लायब्ररीच्या पायात प्रायोगिक वीट नको वाटली.

सायप्रेसची कंपोनंट टेस्टिंग स्थिर आहे आणि त्याची खिडकी नवख्यासाठी उत्तम: प्रत्येक पायरीवर मागे जाऊन डॉम बघता येतो. अडचण सवयीची होती. त्याच्या आज्ञा रांगेत लागतात, ‘अवेट’ नेहमीसारखा चालत नाही, आणि आमच्यातले निम्मे जण रोज त्यातच अडखळत होते. माझं वैयक्तिक मत: नव्याने सुरुवात करणाऱ्या टीमला हे जाचणार नाही. आमच्या हातांना आता वेगळं वळण बसलं होतं.

पाचवा पर्याय तुलनेच्या शेवटी आला. व्हीटेस्टचा ब्राउझर मोड ऑक्टोबर २०२५ मध्ये ४.० आवृत्तीत स्थिर म्हणून जाहीर झाला. यात टेस्टही ब्राउझरमध्येच चालते, म्हणून फिल्टरचं फंक्शन हे फंक्शनच राहतं. आणि प्रोव्हायडर (ब्राउझर हाताळणारा) म्हणून प्लेराइट दिला की क्लिक खऱ्या माउसने होतो, डिलेही देता येतो. (‘प्रिव्ह्यू’ प्रोव्हायडर ठेवला, तर पुन्हा तेच खोटं बोट. हे नीट बघावं.) सहाही बग त्याने पकडले, कापलेल्या यादीसाठी तेच ‘टूबीइनव्ह्यूपोर्ट’ लावून. फुकट काही नाही: ब्राउझरमध्ये ईएस मॉड्यूल सीलबंद असतं, त्यामुळे मॉड्यूलच्या एक्स्पोर्टवर ‘स्पायऑन’ (फंक्शनवर पाळत ठेवणं) चालत नाही. तशा टेस्ट ‘व्हीआय.मॉक’ला ‘स्पाय’चा पर्याय देऊन पुन्हा लिहाव्या लागल्या. आणि खरा ‘अलर्ट’ किंवा ‘कन्फर्म’ उघडता येत नाही, व्हीटेस्ट त्यांच्या जागी नक्कल ठेवतं, नाहीतर पानच थांबेल, कारण टेस्ट त्याच पानात बसलेली.

काय ठेवलं

एकाच रेपॉझिटरीत व्हीटेस्टचे दोन प्रोजेक्ट केले. नेहमीची टेस्ट जेएसडॉममध्ये, फक्त युजर-इव्हेंटने. फायरइव्हेंट वापरला तर लिंटर (कोडचे नियम तपासणारं टूल) अडवतो, आणि अपवाद करायचा तर कारण लिहावं लागतं. ज्या टेस्टचं उत्तर जागा, थर, स्क्रोल किंवा रंगावर अवलंबून आहे, तिच्या फाइलच्या नावात ‘ब्राउझर’ हा शब्द येतो आणि ती क्रोमियम, फायरफॉक्स व वेबकिटमध्ये धावते. स्टोरीबुक दाखवण्यासाठी आणि ॲक्ससाठी. एलिमेंट शोधायचे ते भूमिकेने आणि नावाने, ‘गेटबायरोल’ वापरून. मोठ्या यादीवर जेएसडॉममध्ये हा शोध जाणवेल इतका मंद आहे, तरी ठेवला, कारण लेबल तुटलं की टेस्ट आपोआप तुटते.

जुन्या एन्झाइम टेस्टचं यांत्रिक भाषांतर करायचा मोह झाला होता. खुद्द एअरबीएनबीने आपल्या जवळपास ३,५०० टेस्ट फाइली भाषा-मॉडेलच्या मदतीने एन्झाइमवरून टेस्टिंग लायब्ररीवर नेल्या, तेही सुमारे ६ आठवड्यांत. आमचा पसारा त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, आणि आमच्या टेस्ट स्टेटच्या आतल्या नावांवर बेतलेल्या होत्या. भाषांतर केलं असतं, तर तीच आंधळी टेस्ट नव्या भाषेत मिळाली असती. त्या पुसल्या. स्नॅपशॉटही, म्हणजे रेंडर झालेल्या रूपाच्या साठवलेल्या प्रती, पुसले. त्यांचा निरोप घ्यायला कुणी आलं नाही. क्लासचं नाव बदललं की सगळे लाल व्हायचे, आणि आम्ही न वाचता अपडेटची कळ दाबायचो.

एक सातवा बग मुद्दाम यादीबाहेर ठेवला होता. मराठी किंवा जपानी लिप्यंतर कीबोर्डने टाइप करताना शब्द पक्का करायला एंटर दाबला, की ड्रॉपडाउन त्यालाच निवड समजायचा. दुरुस्ती म्हणून ‘इजकंपोझिंग’ (शब्द अजून जुळतोय का) तपासलं, टेस्ट लिहिली, हिरवी आली. सफारीत बग तसाच. सफारी शब्द पक्का झाल्याची घटना एंटरच्या कीडाउनच्या आधी पाठवतो, म्हणून त्या क्षणी इजकंपोझिंग खोटं झालेलं असतं; तिथे कीकोड २२९ आहे का, हे बघावं लागतं. आमच्या टेस्टमध्ये घटनांचा क्रम आम्हीच लिहिलेला होता, आम्हाला वाटत होता तसा. खरा इनपुट मेथड, म्हणजे लिप्यंतर कीबोर्ड, कुठल्याच टेस्टमध्ये उघडत नव्हता. कोडमध्ये दोन्ही तपासण्या आहेत. टेस्टच्या फाइलमध्ये त्या जागी ‘स्किप’ केलेली एक टेस्ट आहे, तिच्यावर क्रम लिहिलेला आहे, आणि प्रत्येक रिलीजच्या आदल्या दिवशी कुणीतरी एक जण सफारी उघडून तीन शब्द हाताने टाइप करतो.